विकतचा लव्हाळा

वराळ्यात नवं घर घेतलेल्या माणसाला पहिल्याच पावसाळ्यात दोन शोध लागतात. एक म्हणजे बिल्डरने माहितीपत्रकात 'प्रायव्हेट गार्डन' म्हणून छापलेली जागा दहा बाय सहा फुटांची असते आणि त्यातले चार फूट पाण्याच्या टाकीच्या झाकणाने खाल्लेले असतात. दुसरा शोध असा की उरलेल्या जागेत काय लावायचं यावर घरातल्या दोन माणसांची तीन मतं असतात.

वराळे हे मूळचं नदीकाठचं, भाताचं गाव. तळेगाव दाभाड्याला खेटून असल्यामुळे त्याच्या शिवारात इमारती उगवल्या, कॉलेजं आली, आणि सकाळी सात वाजता माकडटोपी घालून नळीने झाडांना पाणी घालणारी एक नवी जमातही आली. ही जमात बहुधा पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांतून निवृत्त झालेली असते. जन्मभर यंत्रं सांभाळल्यामुळे झाडाकडे बघतानाही तिला आधी मेंटेनन्स दिसतो, मग पानं.

अशा घरांपैकी कुठलंही एक घ्यावं. घरातल्या साहेबांना काहीतरी नीटनेटकं हवं होतं. जे वाढेल पण वाढल्यासारखं दिसणार नाही, असं काहीतरी. बाईंना मधुमालती हवी होती.

"अहो, फाटकावर मधुमालती चढवू या. आमच्या माहेरी होती."

"अगं, पण ती पसरते."

"वेल पसरायलाच लावतात. आवरायला कपाट असतं."

या संवादानंतर साहेब एकटेच स्कूटर काढून जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरच्या एका नर्सरीत गेले. नर्सरीवाल्याने गिऱ्हाईक ओळखलं. त्याने एक कुंडी पुढे सरकवली. तीत कमरेएवढ्या उंचीच्या सरळसोट हिरव्या काड्या आणि प्रत्येक काडीच्या टोकाला छत्रीच्या काड्यांसारखी गोल पसरलेली पानं. "अंब्रेला पाम, साहेब. पाणी जास्त झालं तरी चालतं. मरत नाही." मावळात पाणी जास्त होणं ही काही कल्पना नव्हे. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. पूर्वेला वराळ्याकडे येईपर्यंत तो बराच उतरतो, पण जुलैत अंगणाचा तलाव करण्याइतका नक्कीच उरतो. साहेबांना 'मरत नाही' हे शब्द फार आवडले. असं आश्वासन त्यांना आजवर कुठल्याच मशीनच्या विक्रेत्याने दिलं नव्हतं. दीडशे रुपये मोजून ते कुंडी घेऊन आले.

आता या झाडाची खरी ओळख. ते पाम नाही. काही नर्सऱ्यांत त्याला 'अंब्रेला ग्रास' म्हणतात, पण ते गवतही नाही. आणि छत्री म्हणून त्याचा उपयोग फार तर बेडकाला. वनस्पतिशास्त्रात हा सायपरस. मूळचा आफ्रिका, मादागास्कर आणि अरबस्तानाच्या बाजूचा, लव्हाळ्याच्या कुळातला. जगात या कुळाच्या साडेपाच हजारांच्या आसपास जाती आहेत. गवताच्या काडीला पेरं असतात आणि बहुतेकदा ती आतून पोकळ असते, उदाहरणार्थ बांबू, गहू, भात. उसाची गोष्ट वेगळी, पुणे जिल्ह्यात ऊस कुठल्याच नियमात बसत नाही. लव्हाळ्याच्या दांड्याला पेरं नसतात, तो आतून भरीव असतो, आणि त्याची मुख्य खूण म्हणजे तो त्रिकोणी असतो.

ही खूण साहेबांना कुठल्याही पुस्तकाने नाही, दूधवाल्या मामांनी दाखवली.

मामांची शेती नदीच्या अंगाला. शेतात इंद्रायणी भात. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ साली बाहेर पडलेली, आंबेमोहराच्या वंशातली ही जात आज पुण्याच्या निम्म्या स्वयंपाकघरांत शिजते. मामा रोज सकाळी किटली घेऊन येतात. त्या दिवशी त्यांनी फाटकातूनच कुंडी पाहिली आणि किटली खाली ठेवली.

"ह्यो लव्हाळा कुंडीत कुनी लावला?"

"मामा, तो लव्हाळा नाही. अंब्रेला पाम आहे."

मामा काही बोलले नाहीत. गटाराच्या कडेला गेले, तिथून एक हिरवी दांडी उपटली, अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून तिला हळूच फिरवली आणि साहेबांच्या हातात दिली. दांडी बोटांत गोल फिरेना. दर वळणाला एक कड टोचायची, मग सपाट बाजू, मग पुन्हा कड. तीन कडा, तीन बाजू, पेन्सिलीच्या कारखान्यात तासल्यासारख्या. "आता तुमच्या पामला हात लावा," मामा म्हणाले. साहेबांनी छत्रीच्या खालचा दांडा चाचपला. कडा बोथट होत्या, विकतच्या मालाला शोभतील अशा, पण होत्या.

"कितीला पडला?"

"दीडशे."

मामांनी टोपी काढून परत घातली. "आमी मजुरी दिऊन उपटतो, तुमी पैसं दिऊन लावता. आधी सांगायचं न्हाई का? माझ्या वाफ्यातला गाडीभर दिला असता. फुकट. वरनं चहा पाजला असता."

मामांच्या वैतागाला जागतिक पाठबळ आहे. लेरॉय होम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली जगातल्या सर्वांत त्रासदायक तणांवर एक ग्रंथ काढला. त्यात पहिला मान मिळाला तो मामांच्या बांधावरच्या या लव्हाळ्याला, म्हणजे नागरमोथ्याला. नव्वदहून जास्त देशांत तो शेतकऱ्यांना छळतो. त्याची युक्ती जमिनीखाली असते. एका गाठीतून धागा निघतो, धाग्याला दुसरी गाठ, तिला तिसरी, अशी माळ. वरून उपटलं की हातात हिरवा शेंडा येतो आणि उपटणाऱ्याला वाटतं काम झालं. गाठी खाली तशाच बसून असतात. आठवड्याने एकाच्या जागी दोन शेंडे वर येतात. भाजीच्या वाफ्यावर काळं मल्चिंग पेपर अंथरलं तर इतर तणं अंधारात गुदमरून मरतात. लव्हाळ्याचा कोंब सुईसारखा टोकदार, तो प्लास्टिकला भोक पाडून वर येतो.

गंमत अशी की हाच माणूस, जो श्रावणात लव्हाळ्याला शिव्या घालत खुरपतो, तोच आश्विनात तळेगावच्या बाजारातून उटण्याची पुडी आणतो. पुडीवर घटकद्रव्यांत नागरमोथा लिहिलेला असतो. तो या लव्हाळ्याचा नाहीतर त्याच्या सख्ख्या भावाचा वाळवलेला कंद. नरकचतुर्दशीला पहाटे ज्याच्या सुवासाने अख्खं घर भारून जातं, त्याला दोन-तीन महिन्यांपूर्वीच बांधावर फेकून दिलेलं असतं. मामांना हे सांगितल्यावर ते एवढंच म्हणाले, "मग उटनं फुकट द्यायला पायजे."

साहित्यातही लव्हाळ्याच्या नशिबी हेच. 'शाकुंतला'त कालिदासाने वेल आणि लव्हाळा दोघांनाही जागा दिली आहे, पण वागणूक बघावी. पहिल्या अंकात नवमालिकेचा वेल आहे. शकुंतलेने त्याचं नाव वनज्योत्स्ना ठेवलंय आणि आंब्याच्या झाडाशी त्याचं चक्क लग्न लागलंय, स्वयंवराने. दुसऱ्या अंकात दुष्यंत शिकार बंद करतो आणि रानडुकरांनी आता डबक्यात निवांत मुस्ता उकरावी अशी मुभा देतो. मुस्ता म्हणजे हाच नागरमोथा. वेलीला आंबा, लव्हाळ्याला डुकरं. संस्कृत नाटकातही सोसायटीच्या मीटिंगसारखंच चालायचं.

लव्हाळ्याची बाजू घेणारा एकच मोठा माणूस निघाला, आणि तोही याच नदीवरचा. इंद्रायणी लोणावळ्याजवळ उगम पावते, वराळ्याच्या शिवेवरून खाली जाते, पुढे देहू, पुढे आळंदी, आणि तुळापूरला भीमेला मिळते. देहूच्या तुकोबांनी आपल्या अभंगात महापुराचा दाखला दिला. मोठी झाडं वाहून जातात, वाकणारा लव्हाळा राहतो. मराठी शाळेत गेलेल्या प्रत्येकाला हा दाखला पाठ असतो, फक्त लव्हाळा दिसतो कसा हे विचारू नये. तुकोबांनी तो पुस्तकात पाहिलेला नसणार. भंडाऱ्याच्या डोंगरावरून उतरलं की नदीच्या काठी तो आजही उभा आहे. आणि तीच नदी दहा-पंधरा मैल पुढे आळंदीला पोहोचली की पारडं फिरतं. ज्ञानदेवांच्या नावावरच्या प्रसिद्ध रचनेत दारी लावलेलं मोगऱ्याचं रोप वेल होऊन आभाळाला लागतं. म्हणजे एका नदीवर दोन संत आणि दोघांची झाडं दोन. वराळे पडतं दोघांच्याही वरच्या अंगाला, तेव्हा तिथल्या नवरा-बायकोने भांडणं हे परंपरेला धरूनच म्हणायचं.

साहेब मात्र हरले नाहीत. त्यांनी विकतच्या लव्हाळ्याची कुंडी मागच्या दारी, वॉशिंग मशीनचं पाणी बाहेर पडतं तिथे ठेवली, आणि झाडाने त्यांची लाज राखली. साबणाचं पाणी, टाकी ओसंडल्याचं पाणी, पावसाचं पाणी, सगळं ते पीत राहिलं. याच गुणामुळे सांडपाणी मुळांतून गाळण्याच्या प्रकल्पांत कर्दळ आणि पाणकणसाबरोबर याही झाडाची भरती करतात. त्याची रोपं करण्याची रीत तर साहेबांनी येईल त्या पाहुण्याला दाखवली. छत्री वितभर दांड्यासकट कापायची, पानं निम्मी छाटायची आणि ती पाण्याच्या भांड्यात उलटी बुडवायची. डोकं खाली, पाय वर. दोन-तीन आठवड्यांत पानांच्या बेचक्यातून मुळं आणि कोंब फुटतात. उलटं टांगल्यावर कामाला लागणारा दुसरा प्राणी साहेबांनी तीस वर्षांच्या नोकरीत पाहिला नव्हता. वर्षभरात एका कुंडीच्या सात झाल्या. शेजारपाजाऱ्यांनी एकेक घेतली, नंतर ते साहेबांना बघून रस्ता बदलू लागले.

फुलं? येतात की. छत्रीच्या मधोमध हिरवट-तपकिरी तुरे येतात. पण लग्नपत्रिकेत नाव न छापलेल्या काकांसारखी त्यांची हजेरी, आले कधी नि गेले कधी, कळत नाही. परागकण वारा नेतो, त्यामुळे नटूनथटून कुणाला बोलवायची गरजच नाही. बाईंचं म्हणणं नेमकं हेच होतं. "दहा बाय सहाची बाग, आणि त्यात देवाला वाहायला एक फूल नाही."

म्हणून एका रविवारी जाऊबाईंकडून ओल्या फडक्यात गुंडाळलेली मधुमालतीची फांदी आली आणि फाटकाशी लागली.

पहिलं वर्षभर तिने काहीच केलं नाही. गुडघ्याएवढं एक झुडूप, पानं समोरासमोर, चढण्याचं नाव नाही. साहेब रोज नळी धरून विचारत, "हे आहे तरी कोण? आणि कसलं?" त्यांना कल्पना नव्हती की हाच प्रश्न साडेतीनशे वर्षांपूर्वी एका डोळे गेलेल्या जर्मन माणसाने विचारून ठेवला होता. जॉर्ज रम्फियस हा डच कंपनीच्या नोकरीत इंडोनेशियातल्या अंबोन बेटावर होता. १६७० साली त्याची दृष्टी गेली तरी तो तिथल्या झाडांचं वर्णन लिहवून घेत राहिला. आधी झुडूप असून नंतर वेल होणाऱ्या या झाडाला त्याने लॅटिनमध्ये 'क्विस्क्वालिस' नाव दिलं. अर्थ: कोण? कसलं? पुढे लिनियसनेही तेच उचललं. आता शास्त्रज्ञांनी त्याची रवानगी कॉम्ब्रेटममध्ये केली आहे, पण नव्या नावाला जुन्या नावाची चव नाही.

बरं, आपल्याकडेही घोळ कमी नाही. नर्सरीत मधुमालती मागावी तर एखादा माधवीलता काढून देतो. ती वेगळी, पांढऱ्या-पिवळ्या फुलांची, रानातली. संस्कृत मालती आणखी वेगळी. मधुमालतीला कुणी रंगूनचा वेल म्हणतं, कुणी लाल चमेली. तेव्हा कोण, कसलं, हा प्रश्न पडलेले साहेब एकटे नव्हते.

दुसऱ्या पावसाळ्यात तिने ठरवलं. मधुमालतीचं पान गळलं तरी देठाचा बुंधा फांदीवरच राहतो आणि कडक होऊन आकडा बनतो. या आकड्यांच्या शिड्या करत ती फाटकावरून कमानीवर, कमानीवरून सज्ज्यावर गेली, आणि सज्ज्यावरून तिने शेजाऱ्यांच्या सोलर हीटरचा अंदाज घेतला. अंदाज बरोबर निघाला.

फुलांच्या बाबतीत मात्र तिला मानलं पाहिजे. संध्याकाळी सातच्या सुमारास, दिवे लागताना, बोटभर लांब नळीच्या टोकाला पाच पाकळ्यांची पांढरी चांदणी उमलते. त्या वेळी ती जवळजवळ आडवी असते आणि वास सुटलेला असतो, कारण पाहुणा रात्रीचा असतो: लांब सोंडेचा पतंग, जो एवढ्या नळीच्या तळापर्यंत पोहोचू शकतो. दुसऱ्या दिवशी तेच फूल गुलाबी होतं आणि मान खाली घालतं. तिसऱ्या दिवशी गडद लाल. आता दिवसा मधमाश्या नि चिमणपाखरं येतात. एकाच झुपक्यात आजचं पांढरं, कालचं गुलाबी, परवाचं लाल. बाईंना झुपका बघून कुठलं फूल कुठल्या वाराचं ते सांगता येतं. साहेबांना पहिल्यांदा वाटलं की जाऊबाईंनी तीन झाडं एकत्र बांधून फसवलंय.

तक्रार एवढीच, की वेल फुलतो तो उन्हाकडच्या टोकाला. ऊन शेजाऱ्यांच्या गच्चीवर. त्यामुळे तिसऱ्या वर्षी पूर्ण बहर शेजाऱ्यांकडे आणि खालची पानगळ साहेबांच्या स्कूटरच्या सीटवर असा करार झाला. शेजारीणबाई रोज परडीभर फुलं तोडत आणि वरून म्हणत, "तुमच्या मधुमालतीला फुलं छान येतात हं." साहेबांनी हे वाक्य मनाला लावून घेतलं.

मग त्यांनी एक वही काढली. कारखान्यात काढायचे तसे रकाने आखले: पाणी, ऊन, खत, छाटणी, कीड, तक्रारी. पाण्याच्या रकान्यात सायपरसला फार, मधुमालतीला मुळं धरल्यावर बेताचं. मे महिन्यात टँकर येऊ लागला की हा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा ठरतो. उन्हात दोघं खूश, सावलीत सायपरस तग धरतो, मधुमालती रुसते. छाटणीत सायपरसला वाळलेल्या काड्या कापणं एवढंच. मधुमालतीला थंडीत बहर ओसरल्यावर हात आखडून चालत नाही, नव्या फुटीलाच फूल येतं म्हणून कोयता निर्दयपणे चालवावा लागतो. तक्रारींच्या रकान्यात सायपरसखाली 'डास' आला, कारण कुंडीच्या ताटलीत पाणी साचतं. यावर गावात चालणारा उपाय, गप्पी मासे, साहेबांनी आणले आणि त्यांचीही संख्या वहीत लिहिली. मधुमालतीखाली बाईंच्या सासूबाईंनी स्वतः 'साप' लिहायला लावला. वेल लावला की साप येतो, हे त्यांनी आयुष्यभर ऐकलंय. साप बिचारा उंदीर-बेडकांमागे येतो, त्याला फुलांचा रंग काय, वास काय. पण रकाना भरला गेला.

वहीत मधेच एक पान बोगनवेलीचं आहे. मावळात ती पावसाळाभर नुसतं पानांचं पीक काढते आणि उन्हाळ्यात, सगळं करपलेलं असताना, पेटते. तिचा रंग म्हणजे फूल नव्हे, ती रंगीत पानं. खरं फूल आत, पांढरं, टाचणीच्या डोक्यापेक्षा जरा मोठं. खरं फूल असं लपवून ठेवणारी ही वेल ब्राझीलमध्ये १७६७ साली सापडली ती बूगँव्हीलच्या जगप्रदक्षिणेत. त्या सफरीत कोमेर्सों या वनस्पतितज्ज्ञाचा मदतनीस म्हणून वावरणारा पोरगा प्रत्यक्षात झान बारे नावाची बाई होती. बाईंना हा किस्सा एवढा आवडला की बोगनवेलही आणू या म्हणाल्या. साहेबांनी पान घाईने उलटलं. शेजारच्या पानावर संक्रांतवेल होती, जानेवारीत केशरी झुंबरं सोडणारी. तेही पान उलटलं.

वही भरली, निकाल लागला नाही. बेरजेत दोघांना सारखे गुण पडले. बाईंच्या मते साहेबांनी सायपरसला 'शिस्त' या रकान्यात दहापैकी दहा दिले म्हणून ते झालं. असा रकाना आधी नव्हताच.

यंदाच्या जुलैत नळीने पाणी घालताना साहेबांना कुंडीत नवा कोंब दिसला. गर्द हिरवा, ताठ, आजूबाजूच्या छत्र्यांपेक्षा बारीक. त्यांना वाटलं, पामला पिल्लू झालं. त्यांनी त्याच्याभोवती मुठीने शेणखत सरकवलं आणि अजून थोडं पाणी दिलं. आठवड्यात तिथे चार कोंब झाले, पंधरा दिवसांत अकरा. वहीत आकडे चढत होते.

मग एका सकाळी मामा किटली घेऊन आले. त्यांनी वाकून एक कोंब धरला, अंगठा आणि तर्जनीत फिरवला, आणि साहेबांकडे बघितलं.

"पाहुना आलाय," ते म्हणाले. "ह्यो फुकटचा."

साहेबांनी झटक्यात तो कोंब ओढला. हातात शेंडा आला. गाठ कुंडीतच राहिली. वर कमानीवर बाई स्टूल घेऊन चढल्या होत्या आणि शेजाऱ्यांच्या गच्चीकडे गेलेली मधुमालतीची फांदी काठीने परत आपल्या बाजूला ओढायच्या प्रयत्नात होत्या.